पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार: डोंगरात सायकल घालणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, मुंबई, बेळगाव, गोवा अशा सगळीकडून तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. डांबरी रस्त्यानं पन्हाळा चढून फोटो काढून परत फिरणाऱ्यांना यातलं फारसं लागणार नाही. जाड टायरची सायकल घेऊन मातीत उतरायचं असेल, तर वाचा.

पन्हाळ्याला सायकलचं ट्रेल पार्क झालंय म्हणे, खरं का?

नाही. तिकीटखिडकी, फाटक, रंगीत पाट्या, उड्या मारायला बांधलेले उंचवटे असलं काही शोधत येऊ नका. नवीन एवढंच आहे, की इथल्या सायकलवाल्यांनी जुन्या वाटा एकमेकींना जोडून फेऱ्या काढायला सुरुवात केली आहे. वाटा मात्र आधीपासूनच्या. शेताकडं जाणारी पाणंद, धनगरवाड्यावरून पठारावर निघणारी गुरवाट, जोतिबाला अनवाणी जाणाऱ्यांची पायवाट, मुरमाची गाडीवाट. आपल्याआधी त्या वाटेवर कुणाचं तरी रोजचं काम असतं. आपण तिथं पाव्हणे. हे ध्यानात ठेवलं, तर खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

मग नेमकं जायचं कुठं?

कोल्हापूरहून पन्हाळा साधारण २० किलोमीटर. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडायची, वडणगे फाटा, केर्ली, मग वाघबीळ, तिथून घाट. या पट्ट्यात सायकलच्या दृष्टीनं तीन-चार वेगवेगळे भाग पडतात.

पहिला जोतिबाच्या पायथ्याचा. वडणगे, निगवे, कुशिरे, पोहाळे या गावांच्या शिवारातून पाणंदींचं दाट जाळं आहे. उसाच्या फडातून, दोन्ही बाजूंच्या कुंपणामधून, कुठं गुऱ्हाळाच्या चिमणीकडं बघत बघत डोंगराच्या मुळाशी पोचता. पोहाळ्याला जुनी लेणी आहेत, तिथं थांबण्यासारखं आहे. चढ फार नाही, म्हणून पहिल्यांदा मातीत उतरणाऱ्याला मी आधी इकडंच पाठवतो.

दुसरा भाग पन्हाळ्याच्या भोवतालचा. नेबापूर, बुधवार पेठ, सोमवार पेठ, इंजोळे ही गावं गडाला बिलगून आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा कधी झाडीतून, कधी शेताच्या बांधालगत, कधी सरळ दगडातून जातात. नेबापूरच्या बाजूला शिवा काशिदांची समाधी आहे. तिथं सायकल बाहेर लावून, बूट काढून आत जा.

तिसरा, आणि लोक ज्यासाठी लांबून येतात तो, मसाई पठाराचा. गडाच्या पश्चिम अंगानं तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर निघायचं. वर जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे सपाट खडक, एकाला एक लागून पसरलेत, झाड जवळजवळ नाही, मधोमध मसाई देवीचं देऊळ आणि कडेला पांडवदऱ्याची लेणी. वारा कुठल्या बाजूचा आहे यावर तिथली दहा मिनिटं सुखाची जातात की हालाची, ते ठरतं.

वेळ कमी असेल तर शहराच्या दक्षिणेला कात्यायनीची टेकडी आहे. सकाळी ऑफिसच्या आधी फेरी मारणारे तिकडंच जातात.

कोणती वाट किती अवघड?

परदेशातल्या ट्रेलवर हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा शंकरपाळा अशा खुणा असतात. ही पद्धत मूळची बर्फावर घसरणाऱ्यांच्या उतारांची, सायकलवाल्यांनी ती उचलली. आपल्याकडं पाट्या नाहीत, पण अंदाजासाठी तीच भाषा वापरतो. कुशिरे-पोहाळ्याच्या पाणंदी हिरव्या. मसाईवर जाणारी गाडीवाट निळी: चढ लांब, मुरूम सुटा, पण रुंदी भरपूर. गडावरून खाली सुटणाऱ्या पायवाटा काळ्या. त्यांत मध्येच पायऱ्या येतात, घसारा येतो, वळणावर करवंदीची जाळी तोंडावर येते. काळ्या वाटेवर आधी पायी उतरून बघा. हा सल्ला ऐकून मान डोलावणारे पुष्कळ, पायी उतरणारे थोडे.

एक मात्र लक्षात असू द्या. इथली वाट दर पावसाळ्यानंतर बदलते. मागच्या हिवाळ्यात निळी होती ती या हिवाळ्यात काळी झालेली असू शकते.

यायला चांगले दिवस कोणते?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. माती बसलेली असते, धूळ अजून भुसभुशीत झालेली नसते, सकाळी थंडी आणि दुपारी सोसवेल असं ऊन. डिसेंबर-जानेवारीत पहाटे धुकं पंचगंगेच्या खोऱ्यात साचतं, गड त्याच्या वर असतो.

मार्चपासून गवत वाळून कोळ होतं. वणव्याचा काळ हा. पेटती काडी, बिडी-सिगारेट, चहासाठी तीन दगडांची चूल, काही म्हणजे काही नको. वाळलेल्या गवतात वारा असला की आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं जाते.

एप्रिल-मे अगदीच वर्ज्य नाही, पण पहाटे निघून नऊ-दहाच्या आत खाली यायचं. कारण ऊन एवढंच नाही, वळीवही आहे. दुपारनंतर ढग जमतात, अर्ध्या तासात आभाळ काळं होतं आणि विजा पडायला लागतात. मसाईच्या सड्यावर त्या वेळी सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही असता. ढग दिसायला लागले की देवीला लांबूनच हात जोडून खाली सुटा. एकट्या झाडाखाली थांबू नका, घोळका करून उभे राहू नका. बाकी या दिवसांत करवंदं-जांभळं मिळतात, हा एक फायदा.

आणि पावसाळ्यात?

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर मातीच्या वाटांवर सायकल घालू नका. डांबरावर खुशाल या.

कारणं सांगतो. इथला डोंगर मूळचा काळ्या पाषाणाचा, वर जांभ्याचा थर. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही, कितीही महाग असो. खालच्या शिवारातली माती काळी, चिकट. ती चाकाला धरते, चाकावरून फ्रेमला धरते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. वर धुकं असं, की पुढची कडा दिसत नाही.

रस्त्याचंही काही खरं नसतं. पंचगंगा वाढली की रेडेडोहाजवळ पाणी रस्त्यावर येतं आणि कोल्हापूर-पन्हाळा वाहतूक अडते. ‘रेडेडोह फुटला’ ही बातमी कोल्हापूरकर कान टवकारून ऐकतात, कारण पुराचा अंदाज त्यावरून बांधतात. जुलै २०२१ मध्ये तर पन्हाळ्याला चढणारा रस्ताच खचला आणि गडावर वाहनं जाणं कित्येक दिवस बंद राहिलं. जोराच्या पावसात निघायच्या आधी चौकशी करा.

सप्टेंबरात मसाईवर फुलं असतात, तेव्हा सायकलनं गेलं तर?

पायी जा. सड्यावरची माती काही ठिकाणी बोटभरही जाड नसते. गेंद, सीतेची आसवं, किडे खाणारं दवबिंदू ही सगळी झाडं त्या पातळ, ओल्या थरात वाढतात आणि पुढच्या वर्षीचं बी तिथंच पडतं. ओल्या सड्यावरून टायर गेला की त्याचा पट्टा वाळल्यावरही दिसतो. एकाचा पट्टा पाहून दुसरा त्यावरूनच जातो, आणि दोन रविवारांत नवी वाट तयार. मसाई पठार आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, म्हणजे हा नुसता सौजन्याचा मामला राहिलेला नाही. कोरड्या दिवसांतसुद्धा पठारावर जी रुळलेली गाडीवाट आहे तिच्यावरच राहा. सडा मोकळा दिसतो म्हणून कुठूनही सायकल काढायची नाही.

वनखात्याची परवानगी लागते का?

गावांना जोडणाऱ्या रुळलेल्या वाटांवर रोजचीच ये-जा असते. पण पन्हाळ्याच्या भोवतीचं बरंचसं जंगल संवर्धन राखीवमध्ये येतं, तेव्हा मोठा गट असेल, स्पर्धा किंवा शिबिरासारखं काही असेल, किंवा रात्री जंगलात थांबायचं असेल, तर आधी वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. वनरक्षकानं थांबवलं तर वाद न घालता थांबा.

राधानगरी-दाजीपूरची गोष्ट वेगळी. ते १९५८ पासूनचं अभयारण्य, गव्यांसाठी प्रसिद्ध, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथं आपल्या मनानं सायकल घालायचीच नाही. ‘पन्हाळ्याला आलोच आहे तर दाजीपूरचाही एक ट्रेल’ हा बेत डोक्यातून काढून टाका.

गडाच्या तटावरून, बुरुजांवरून सायकल चालवलेली चित्रफीत पाहिली. आम्हीही करू का?

नाही. पन्हाळा हा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचा किल्ला आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यांत पन्हाळा आहे.

कायद्याचं सोडा. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीला उभ्या राहिलेल्या गडाच्या दगडांवर पेडल आपटून काय सिद्ध होतं? गडावर लोकवस्ती आहे, नगरपरिषद आहे, डांबरी रस्ते आहेत. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, अंधारबाव यांच्या दारापर्यंत त्या रस्त्यांनी सायकल नेता येते. पुढं पायी. अंबरखान्याच्या धान्यकोठारांत आत शिरून वर बघा, भर उन्हाळ्यातही गारवा जाणवतो.

पन्हाळा ते पावनखिंड सायकलनं होतं का?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज राजदिंडीच्या वाटेनं निघाले, मसाई ओलांडून विशाळगडाकडं. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी वाट अडवून धरली आणि ती खिंड पावनखिंड झाली. त्या वाटेवर दर जुलैत हजारो लोक चालतात.

खिंडीपर्यंतचं अंतर पन्नासेक किलोमीटर धरा. मसाईपर्यंत सायकल छान चालते. त्यापुढं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी करत पांढरपाण्याकडं जाताना वाटेचा स्वभाव बदलत राहतो: कुठं वाडीचा नवा डांबरी तुकडा, कुठं भातखाचरांच्या बांधावरची हातभर वाट, कुठं ओढ्यातले गोटे, कुठं दाट झाडी. सायकल ढकलत, उचलत न्यायची तयारी असेल तर डिसेंबर-जानेवारीत होतं. धट्टाकट्टा गट उजाडता निघाला तर अंधाराच्या आत पोचतो. तरी मी दोन दिवस सुचवतो, मध्ये एखाद्या वाडीत ओळखीनं मुक्काम करून. ज्यांना हे अंतर एका दमात मारायचं असतं त्यांना रस्त्यात काही दिसत नाही, आणि ही वाट बघण्यासारखी आहे.

जुलैत, पदभ्रमंतीच्या दिवसांत, सायकल नेऊ नका. चिखल तर असतोच, पण श्रद्धेनं चालणाऱ्या माणसांच्या गर्दीतून घंटी वाजवत जाणं बरं दिसत नाही. खिंडीत पोचल्यावर सायकल वर ठेवायची, पायऱ्या पायी उतरायच्या.

कोणती सायकल लागेल?

पुढं १०० ते १२० मिलिमीटरचं सस्पेंशन असलेली, मागं कडक फ्रेमची साधी एमटीबी (माउंटन बाइक) इथं पुरते. मागचं सस्पेंशन असलं तर काळ्या वाटांवर मजा वाढते, पण चढाला वजन वाहायचं तुम्हीच. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे आणि एका फेरीत तुम्ही ते अंतर दोनदा चढू शकता, म्हणून हलका गिअर हवा. पुढं ३२ दात आणि मागं ५० किंवा ५१ दातांचं मोठं चक्र असेल तर गुडघे दुवा देतील.

ब्रेक डिस्कचेच. वायरचे चालतील, हायड्रॉलिक उत्तम. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की पॅड तापतात आणि पकड सुटते. सोडत-धरत उतरा, दोन्ही ब्रेक वापरा.

टायर किमान २.२ इंच रुंद. ट्यूबलेस असेल आणि वजन ७० किलोच्या आसपास असेल, तर २२ ते २६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा पुरते. ट्यूब असेल तर ३० च्या वर ठेवा, नाहीतर जांभ्याच्या धारेवर रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चिमटून दोन भोकं पडतात. रस्त्याच्या सवयीनं ५० पीएसआय भरून येणारे पहिल्याच मुरमाच्या वळणावर आडवे होतात.

हेल्मेटशिवाय कुणाला बरोबर घेत नाही. हातमोजे, डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा. गुडघ्याचे पॅड काळ्या वाटांसाठी.

पंक्चरचं काय?

होणारच. शेतकरी बांधावर बाभळीच्या फांद्या टाकतात, गुरं आत शिरू नयेत म्हणून, आणि त्यातले काटे वाटेवर येतात. बाभळीचा सुकलेला काटा जाड टायरमधून आरपार जातो. ट्यूबलेसमध्ये ताजं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घालून या, आमच्या उन्हात ते लवकर सुकतं. तरीही एक ट्यूब, पंप, प्लग, साखळीची जोडकडी आणि तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) जवळ ठेवा. शहरात सायकलची चांगली दुकानं आहेत, पण हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा, तो आयत्या वेळी मिळेल ही आशा धरू नका. गावातल्या मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडं हवा नक्की मिळते. व्हॉल्व्ह बारीक असेल तर जोडणीचा छोटा पितळी तुकडा खिशात असू द्या.

सायकल घेऊन कोल्हापूरला पोचायचं कसं?

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी आणून सोडते. सायकल सामानाच्या डब्यात, पार्सल ऑफिसात आधी जाऊन नोंदवायची, पेट्रोलची गाडी नसल्यानं कटकट कमी. दोन्ही चाकं काढून पिशवीत बांधलीत तर खासगी बसवाले डिकीत घेतात, पण तिकीट काढतानाच विचारून ठेवा. मागचा डिरेलर वरच्या बाजूला येईल असं ठेवा, त्यावर कुणी सुटकेस टाकली की सहल तिथंच संपते.

कोल्हापूरहून वर चढत जाणं हेच बरं. पाय वाचवायचे असतील तर वडाप, म्हणजे माणशी भाड्याची जीप, आहे. टपावर सायकल बांधायची सोय आहे का, सायकलचे वेगळे किती, हे आधी ठरवा, आणि बांधायची दोरी स्वतःची ठेवा.

वाटेत गुरं, माणसं भेटली तर?

भेटतीलच, आणि तीच वाटेची मालक आहेत. डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईला मान वर करता येत नाही, तुम्ही तिला दिसतच नाही. लांबूनच थांबा, बाजूला व्हा. म्हशींचा कळप आला तर सायकलवरून उतरून डोंगराच्या अंगाला उभे राहा. दरीच्या अंगाला उभं राहिलात आणि एखादी बुजली तर ढकलले तुम्ही जाल. घंटी वाजवू नका, बोला. माणसाचा आवाज गुरांना ओळखीचा असतो.

चढणाऱ्याला वाट द्यायची, हा सायकलवाल्यांचा जगभरचा नियम. इथं त्याच्याही वर पायी चालणारा, आणि त्याच्या वर ओझंवाला.

पाणंदीतून घराच्या अंगणात निघालात असं झालं (होतं तसं) तर ‘राम राम, मामा, वाट कुठनं हाय?’ एवढं विचारा. ‘पाव्हणं कुठलं?’ इथपासून सुरुवात होऊन चहापर्यंत जाईल. उभ्या पिकातून, नुकत्या पेरलेल्या रानातून सायकल ढकलतही न्यायची नाही. कुंपणाचं झापड उघडलं तर लावून घ्या.

माघात सलग पाच रविवार जोतिबाचे खेटे असतात. कोल्हापुरातून पहाटेच लोक चालत निघतात, वडणगे-निगवे-कुशिरे-गायमुख अशी त्यांची वाट. त्या रविवारी आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत जोतिबाच्या बाजूला सायकल नकोच. जायचं तर चालत जा. चांगभलं म्हणा, गुलाल अंगावर घ्या, तो जर्सीवरून निघत नाही हे मनात धरूनच.

उतारावर मागचं चाक लॉक करून घसरत गेलं तर वाट खराब होते, हे खरं की उगाच?

खरं. मुद्दाम बांधलेल्या ट्रेलचा उतार सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात, डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त होऊ देत नाहीत, आणि वाट किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवतात. पाणी वाटेवरून आडवं वाहून जातं, वाटेतून लांबवर धावत नाही. आपल्या गुरवाटा तशा नाहीत. जनावर जवळची वाट धरतं, पुष्कळदा सरळ उभ्या उतारानं. तुम्ही चाक लॉक करून जानेवारीत चर पाडलात, की जूनचं पाणी नेमकं त्याच चरातून धावतं. ऑक्टोबरात तिथं गुडघाभर घळ. तुम्ही पुढच्या वर्षी दुसरीकडं जाल, पण धनगरवाड्यावरची पोरं त्याच घळीतून शाळेला उतरणार.

तेव्हा वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नको. चाक फिरतं ठेवून ब्रेक लावता येत नसेल इतका उतार असला, तर उतरून चाला. अजून एक: डबकं किंवा दगड चुकवायला वाटेच्या बाहेरून जाऊ नका, वाट रुंदावत जाते.

गवा, बिबट्या, साप?

गवे या भागात फिरतात आणि पहाटे-संध्याकाळी वाटेवर येऊ शकतात. पुढं काळी आकृती दिसली आणि ‘म्हैस असेल’ असं वाटलं, तर पायांकडं बघा. गव्याचे गुडघ्याखालचे पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. थांबा, आवाज करू नका, जवळ जाऊन फोटो नको, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. एकटा नर सगळ्यांत बेभरवशाचा. बिबट्या सहसा दिसत नाही. त्याला तुम्ही दिसता.

साप म्हणाल तर दगडधोंड्यांत फुरसं, उसात घोणस. सायकल आडवी टाकताना, बसताना, दगड उचलताना बघा. चावलाच तर चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. हालचाल कमीत कमी ठेवून दवाखाना गाठा.

मला खरी धास्ती वाटते ती आग्या मोहोळाची. कड्यांना, जुन्या दगडी कमानींना ती लटकलेली असतात. आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर टाळा. माश्या उठल्याच तर सायकल सोडा, तोंड झाका आणि पळा.

मेंढ्यांच्या तळाजवळची कुत्री मात्र रोजची. पळवू नका, ती जिंकतात. उतरा, सायकल मध्ये धरा, धनगराला हाक मारा.

उसाच्या हंगामात काही अडचण?

नोव्हेंबर ते मार्च. पाणंदी ट्रॅक्टर-ट्रॉलींनी भरतात आणि एक ट्रॉली आली की पाणंदीत दुसऱ्याला जागा नसते. मागं सरायचं तुम्ही. चाकोऱ्या खोल पडतात, त्यांत पेडल अडकतं. अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या ट्रॉली असतात, म्हणून उजेडात कोल्हापूर गाठा. याची भरपाई म्हणजे गुऱ्हाळं. काहिलीजवळ उभं राहून गरम गूळ खायला मिळतो, पण काम चालू असताना मध्ये लुडबुड नको, विचारून आत जा.

नकाशा, जीपीएसचा माग मिळेल का?

उपग्रहाच्या नकाशात पाणंद स्पष्ट दिसते आणि प्रत्यक्षात उसात शिरून गडप होते. नकाशा उतरवून घ्या, कारण पठारावर आणि दऱ्यांत रेंज येते-जाते, पण विश्वास गावकऱ्यावर ठेवा. ‘जवळच हाय’ म्हणाला तर तीन किलोमीटर धरा.

कुणाच्या खासगी रानातून गेलेला माग जाहीर टाकू नका. एका माणसानं ओळखीत दिलेली वाट दोनशे जणांनी वापरली की तो काटे टाकतो, आणि त्याचं काही चुकत नाही. आमचे काही माग आम्ही याच कारणानं देत नाही. बरोबर या, दाखवू.

पाणी आणि खाणं?

माणशी किमान दोन लिटर घेऊन निघा, उन्हाळ्यात तीन. मसाईवर फेब्रुवारीनंतर पाण्याचा भरवसा नाही. वाडीत मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण मार्च-एप्रिलात ते पाणी लांबून डोक्यावर आणलेलं असतं, त्यानं बाटल्या भरून घेऊ नका, प्यायला मागा.

गडावर झुणका-भाकर खा. चुलीवरची भाकरी, खर्डा, कांदा, दही. मटणाच्या ताटासाठी खाली कोल्हापुरात या. तांबडा-पांढरा ओरपून लगेच सायकलवर बसायचा बेत मात्र करू नका. संध्याकाळी शहरात असाल तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढलेलं म्हशीचं दूध मिळतं. कुठल्याही प्रथिनांच्या डब्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

राहायचं कुठं?

पन्हाळ्यावर हॉटेलं, लॉज, घरगुती सोय, सगळं आहे. शनिवार-रविवारी गर्दी, मधल्या वारी निवांत. सायकल खोलीत ठेवू देतात का, ते आधी विचारा.

अपघात झाला तर?

११२ किंवा १०८. मोठी दुखापत असेल तर कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. पण रुग्णवाहिका डांबरापर्यंतच येते. तिथपर्यंत आणायला माणसं लागतात, म्हणून तिघंजण असावेत: एक जखमीजवळ, एक मदतीला. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर उचलाउचल करू नका. जवळची वाडी कोणती, हे सतत लक्षात ठेवत चला, फोनवर सांगताना तेच नाव कामाला येतं.

एकट्यानं, किंवा एकट्या मुलीनं आलं तर चालेल?

गावाजवळच्या पाणंदींवर, दिवसा, हो. आमच्यात मुली नेहमी असतात, आणि ‘कुणाची गं तू?’ या चौकशीपलीकडं त्यांना फारसं काही सोसावं लागत नाही. जंगलातल्या वाटा आणि मसाईपुढचा भाग मात्र एकट्यानं नको. हे मुलांनाही तेवढंच लागू.

ई-सायकल चालेल?

चालेल. चढाला मोटर आहे म्हणून चाक गरगरवत माती उडवू नका. आणि ती पंचवीस किलोची सायकल ओढ्यातून उचलायला आम्हाला हाक मारू नका.

परतताना सायकल धुवायची कुठं?

ओढ्यात, विहिरीच्या काठाला, गुरांच्या पाणवठ्यावर नाही. साखळीचं तेल पाण्यात उतरतं आणि तेच पाणी जनावरं पितात. सुका चिखल आधी काडीनं, ब्रशनं काढा. कोल्हापुरात गाड्या धुण्याची सेंटरं ठिकठिकाणी आहेत, तिथं धुवा, पण फवारा चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगवर रोखून मारू देऊ नका. पोऱ्याला आधीच सांगा, नाहीतर मोटारसायकल समजून मारतो.